जनतेची तिजोरी आणि गिलोटिनचे पाते

निवडणुकीचे वर्ष सोडले, तर फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला आपल्याकडे एक वार्षिक सोहळा पार पडतो. अर्थमंत्र्यांचे भाषण होते, दूरचित्रवाणीवर तज्ज्ञांचे फड रंगतात, प्राप्तिकराची मर्यादा किती वाढली आणि कोणती वस्तू महागली याची दोन दिवस घरोघरी चर्चा होते. मग सारे शांत! मात्र सरकारच्या हाती प्रत्यक्ष पैसा ज्या कायद्याने पडतो, तो कायदा त्यानंतर कित्येक आठवड्यांनी संमत होतो. त्या दिवशी ना फड रंगतो, ना मथळा झळकतो. त्या कायद्याचे नाव आहे विनियोजन कायदा. सुशिक्षित म्हणवणाऱ्या मध्यमवर्गीय घरांतही हे नाव किती जणांनी ऐकले असेल, याची शंकाच आहे.

अर्थसंकल्प हे सरकारचे निवेदन आहे. त्याने तिजोरीचे कुलूप उघडत नाही. राज्यघटनेच्या ११४व्या अनुच्छेदाने स्पष्ट बजावले आहे की, विनियोजन कायद्याने तरतूद झाल्यावाचून भारताच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येणार नाही. त्याआधी ११३व्या अनुच्छेदानुसार प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाची मागणी लोकसभेपुढे मतास टाकावी लागते. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, कर्जावरील व्याज असा काही खर्च ‘भारित’ असतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. बाकी सीमेवरील जवानाच्या शिध्यापासून खेड्यातील टपाल कार्यालयाच्या दुरुस्तीपर्यंतचा सारा खर्च लोकप्रतिनिधींच्या संमतीवर अवलंबून आहे. घटनाकारांनी सरकारची नाडी जनतेच्या हाती दिली ती येथे.

आता ही नाडी प्रत्यक्षात कशी तपासली जाते ते पाहू. मागण्या असतात शंभराच्या घरात. चर्चेसाठी त्यांतील चार-पाच मंत्रालये निवडली जातात. ठरलेला दिवस उजाडला, ठरलेली वेळ झाली, की अध्यक्ष उरलेल्या सर्व मागण्या एकगठ्ठा मतास टाकतात. या प्रथेस संसदीय परिभाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत मुंडकी उडवणाऱ्या यंत्राचे नाव या प्रथेस ज्याने दिले, त्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे. फरक एवढाच की, त्या यंत्राखाली राजा गेला होता आणि या पात्याखाली प्रजेचा अधिकार जातो.

काही वर्षे तर याहून बिकट. २०१३ मध्ये लोकसभेने एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा न करता सारा खर्च संमत केला. २०१८ मध्ये १४ मार्च रोजी गोंधळात सुमारे अर्ध्या तासात हेच घडले. २०२३ मध्ये २३ मार्च रोजी सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प चर्चेविना मार्गी लागला. २०१३ला सत्तेत काँग्रेस होती, पुढील दोन्ही वेळी भाजप. बाके बदलली, पाते तेच राहिले. सत्ताधाऱ्यांना चर्चा नको असते, विरोधकांना गोंधळ हवा असतो. या दोघांच्या अलिखित समझोत्यात बळी जातो तो करदात्याचा.

याने नेमके काय बिघडते, असे विचारणारे भेटतात. एक उदाहरण घेऊ. जुलै २०२५ मध्ये शिवछत्रपतींच्या कर्तृत्वाशी निगडित बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि मराठी मन अभिमानाने भरून आले. या बारांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग व तमिळनाडूतील जिंजी हे आठ दुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, प्रतापगड व खांदेरी राज्याकडे. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पैसा सांस्कृतिक मंत्रालयाच्या मागणीतून येतो. २०१८ व २०२३ मध्ये सर्वच मागण्या चर्चेविना संमत झाल्या, म्हणजे हीदेखील तशीच संमत झाली. कोणत्या तटबंदीची डागडुजी रखडली, आधीच्या वर्षी मिळालेले पैसे खर्च का झाले नाहीत, हे मंत्र्यांस सभागृहात उभे करून विचारण्याची ती घटनादत्त संधी होती. ती दोनदा वाया गेली. गडावर भगवा फडकताना ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनी या मागणीकडे कधी पाहिले आहे काय?

महाराष्ट्राची कथा निराळी नाही. राज्यांनाही २०३ ते २०५ या अनुच्छेदांनी हाच नियम लागू आहे. पुरवणी मागण्या ही त्यातील आपत्कालीन वाट. तरतूद अपुरी पडली अथवा अकल्पित खर्च उद्भवला, तर विधिमंडळाकडे पुन्हा यावे, हा तिचा हेतू. २८ जून २०२४ रोजी राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला आणि जेमतेम पंधरवड्यात ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या सभागृहापुढे आल्या. त्यांत मोठा वाटा होता त्याच अर्थसंकल्पात घोषित झालेल्या लाडकी बहीण योजनेचा. भगिनींच्या हाती पैसा जाण्यास आमचा विरोध नाही. परंतु जे जूनच्या अखेरीस भाषणात होते, ते जुलैमध्ये ‘अकल्पित’ कसे झाले? त्या आर्थिक वर्षातील पुरवणी मागण्यांची बेरीज सव्वा लाख कोटींच्या पुढे गेली. घरातील कर्ता पुरुष महिन्याच्या पहिल्या तारखेस खर्चाची वही लिहितो आणि आठव्या दिवशी दुसरी वही काढतो, तर गृहिणी त्याला काय म्हणेल, ते सांगायला नको.

या ढिलाईचा शेवट कोठे होतो, ते बिहारने दाखवले. पशुसंवर्धन खात्याच्या नावावर कोषागारांतून उचललेला पैसा विधानसभेने मंजूर केलेल्या तरतुदीच्या बाहेर जात होता. हे आकडे सरकारी हिशेबाच्या कागदांतच होते. १९९६ च्या जानेवारीत चाईबासा येथे छापा पडेपर्यंत त्यांची गंभीर दखल घेतली गेली नाही. हा इतिहास आपण ‘चारा घोटाळा’ म्हणून जाणतो, लालूप्रसादांच्या नावाने जाणतो. पण मुळात तो विनियोजन कायद्याचा उघड भंग होता आणि तो वर्षानुवर्षे चालला, हे कोणी सांगत नाही. पुढे दोषी ठरलेल्यांत राज्याच्या लोकलेखा समितीचे एक माजी अध्यक्षही होते. पहारेकऱ्याचीच ही गत! शासकीय धन गिळंकृत करण्याचे चाळीस प्रकार कौटिल्याने नोंदवून ठेवले आहेत. आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो, तो सावधपणा मात्र घेतला नाही.

मार्च महिन्याची लगबग हाही याच रोगाचा भाग. वर्ष संपताच न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणून अकरा महिने झोपलेली खाती बाराव्या महिन्यात जागी होतात. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के व मार्चमध्ये १५ टक्क्यांहून अधिक खर्च नको, असा केंद्रीय वित्त मंत्रालयाचा दंडक आहे. पहिल्या एप्रिलपासूनच पैसा हाती यावा, म्हणून २०१७ मध्ये अर्थसंकल्पाची तारीख महिनाभर अलीकडे आणली, ही सुधारणा योग्यच होती. पण अलीकडे आलेल्या तारखेचा लाभ खात्यांना झाला, सभागृहातील विचारविमर्शाला नाही.

बहुमत सरकारचे असते, मागणी फेटाळली जाणे अशक्य, मग चर्चेचा उपयोग काय, असा युक्तिवाद केला जातो. त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांची आठवण करावी. गोखल्यांच्या नेमस्तपणाशी आमचे मतभेद आहेत व राहतील. परंतु २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदे मंडळात हा मराठी माणूस अंदाजपत्रकावर बोलावयास उभा राहिला, तेव्हा त्याच्या हाती मतदानाचा अधिकारच नव्हता. केवळ बोलण्याची मुभा होती. दुष्काळाने पिचलेल्या देशात सरकारी तिजोरीत शिल्लक पडते कशी, हे त्याने सरकारच्याच आकड्यांनी विचारले, मिठावरील कर कमी करा म्हणून बजावले. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरील कर उतरला. परक्या राजवटीत मत नसलेला माणूस अभ्यासाच्या बळावर बोलत होता. आज मत असलेले पाचशेहून अधिक खासदार मुके राहतात.

अमेरिकेत विनियोजनाची विधेयके अडली, की सरकारी कचेऱ्यांना टाळे लागते. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस तसे झाले. तिकडे असलेल्या आपल्या मुला-सुनांनी ती ओढाताण पाहिली आहे. ते अनुकरणीय नाही. परंतु तेथे निदान पैशाचा प्रश्न अडू शकतो, एवढे तरी सर्वांस ठाऊक असते.

मार्ग अवघड नाहीत. कोणती मागणी कोणत्या दिवशी चर्चेस येणार, याचे वेळापत्रक सभागृहाने पाळावे. खातेनिहाय स्थायी समित्या १९९३ पासून मागण्यांची छाननी करतात. त्यांचे अहवाल पटलावर आल्यानंतर संबंधित मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिल्यावाचून ती मागणी मतास टाकू नये. पुरवणी मागणीत ‘हा खर्च आधी का कळला नाही’ याचे लेखी कारण सक्तीचे करावे. यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही, सभागृहाचे नियम पुरेत.

आपल्या खासदार-आमदारांचा सत्कार आपण हौसेने करतो, नारळ-शाल देतो, वर्गणीच्या पावत्यांचा हिशेब मात्र पैशापर्यंत मागतो. पुढच्या वेळी शाल अंगावर घालताना एवढेच विचारावे : साहेब, यंदा कोणत्या मागणीवर आपण बोललात? कामकाजाचा अधिकृत वृत्तांत उपलब्ध असतो. उत्तर पडताळून पाहता येते.