पाणघोड्याची वाट

एका वाचकभगिनीनें पत्रांतून विचारिलें आहे कीं, मुलांबाळांसह आफ्रिकेस जावयाचें ठरलें आहे, तर तेथील प्राण्यांचीं छायाचित्रें घेण्याविषयीं कांहीं लिहाल काय? ह्या विषयांत माझा अधिकार नाहीं. जन्मभर मुलांकडून रूपावली घोकवून घेणाऱ्या मास्तरास कॅमेऱ्याचें ज्ञान कोठून असणार? तथापि दोन वर्षांपूर्वीं जुलै महिन्यांत नैरोबीस चिरंजीवांकडे गेलों असतां आम्ही सर्व मंडळी मासाई मारा अभयारण्यांत गेलों होतों. तेथें पाणघोड्याच्या एका मादीनें मला जो धडा दिला तो सांगतों.

पाणघोडा हें नांव अर्थानें ग्रीकांच्या नांवासारखेंच आहे. त्यांचा ‘हिप्पोस्’ म्हणजे घोडा, आणि तो शब्द आपल्या ‘अश्व’ शब्दाचा चुलतभाऊ होय. प्राणी मात्र घोड्याच्या कुळांतील नव्हे. आज हयात असलेल्यांत त्याचे जवळचे सोयरे म्हणजे देवमासे! केनियांत त्यास ‘किबोको’ म्हणतात.

पहिले दोन दिवस आम्ही मारा नदीच्या कांठीं खिळून बसलों. कॅमेरा सतरा वर्षांच्या नातीचा. त्यास 400 मिलिमीटरचें लांब भिंग होतें. परंतु चित्रांत येई काय? दोन कान, दोन डोळे आणि दोन नाकपुड्या! क्वचित् एखादा नर जबडा वासून प्रचंड सुळे दाखवी. आपणांस ती जांभई वाटते, पण पुष्कळदां ती धमकी असते.

हा प्राणी दिवसा पाण्याबाहेर कां येत नाहीं, ह्याचें कारण त्याची कातडी. उन्हांत ती लवकर सुकते व भेगाळते. तिच्यांतून तांबूस स्राव पाझरतो. त्यामुळें पाणघोड्यास रक्ताचा घाम येतो अशी समजूत होती. 2004 सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, तें रक्त नव्हे. त्यांतील रंगद्रव्यें ऊन शोषून घेतात व जंतूंसही आवरतात. तरीही सूर्य मावळल्यावरच हा गृहस्थ चरावयास निघतो, रात्रींतून चाळीसेक किलो गवत खातो आणि सकाळीं नदींत परततो. म्हणून सबंध पाणघोड्याचें चित्र हवें असेल तर पहाट, संध्याकाळ अथवा ढगाळ थंड दिवस साधावा.

तिसऱ्या दिवशीं आम्ही उजाडतांच निघालों. आभाळ भरलेलें होतें. नदीपासून कांहीं अंतरावर एक मादी पिलासह चरत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. मीं चालकास म्हटलें, “गाडी पुढें त्या झुडुपांच्या फटीशीं न्या, म्हणजे परततांना तिचें तोंड समोरून मिळेल.” चालक मासाई समाजाचा, चाळिशींतला, मितभाषी. त्यानें मान हालविली आणि गाडी उलट मागें घेतली. मला राग आला. “इतके पैसे मोजले ते पाठ पाहावयास काय?” असें मी सर्वांदेखत बोलून गेलों. नात खालीं पाहूं लागली.

चालकानें शांतपणें जमिनीकडे बोट केलें. फटींतून नदीकडे दोन समांतर चाकोऱ्या गेल्या होत्या व मध्यें गवताची सरी होती. मला त्या गाडीच्या चाकांच्या वाटल्या होत्या. तो म्हणाला, “ही किबोकोची वाट. तिच्या आणि पाण्याच्या मध्यें कोणी उभें राहूं नये.”

त्यानें इंजिन बंद केलें, म्हणजे कॅमेरा थरथरणार नाहीं. नातीनें खिडकींत डाळीची पिशवी ठेवून तीवर भिंग टेकविलें. काळसर अंगानें चौकट भरली कीं यंत्र फसतें व चित्र फिकट करतें. म्हणून तिनें प्रकाश थोडा कमी धरला. पाऊण तास गेला. इतक्यांत ढग फांकले, ऊन पडलें, आणि मादीनें मान उचलली. क्षणांत तो हजारभर किलोंहून जड देह पिलास घेऊन धांवत सुटला. पाणघोडा जमिनीवर ताशीं तीस किलोमीटरपर्यंत वेगानें धांवतो, हें मीं वाचलें होतें. पण पाहणें निराळें! मी जेथें गाडी उभी करावयास सांगत होतों, नेमक्या त्याच जागेवरून मायलेंकरें गेलीं आणि पाण्यांत शिरलीं. नातीस एकच चित्र साधलें. बाजूनें, दोघांचे पाय जमिनीवर असलेलें.

मीं चालकाची क्षमा मागितली, तीही सर्वांदेखत. तो हंसून “पोले पोले” म्हणाला. म्हणजे हळू हळू.

तेव्हां भगिनींनीं इतकेंच ध्यानांत ठेवावें: भिंग लांब असावें, म्हणजे माणसास जवळ जाण्याचा मोह होत नाहीं, गाडींतून उतरूं नये, रात्रीं त्याच्या डोळ्यांवर दिव्याचा झोत टाकूं नये, आणि चालक मागें सरला तर मुलांदेखत त्यास टोकूं नये. ह्या प्राण्याची गणना 2006 सालापासून संकटांत असलेल्या जातींत होते. नद्यांचें पाणी व कांठचें गवत माणसानें घेतलें, आणि दांतांसाठीं व मांसासाठीं त्याची शिकारही होते. निदान चित्रासाठीं तरी आपण त्याची वाट अडवूं नये.

तें चित्र आमच्या माजघरांत लाविलें आहे. आलेगेले पिलाचें कौतुक करतात. माझी दृष्टि मात्र त्यांच्या पायांखालच्या दोन चाकोऱ्यांकडे जाते.