म्हशीच्या कानातला बिल्ला

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी बँकेत शेतकी अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात म्हशींसाठी कर्जे दिली जात. मग पाहणीला जायचे, म्हशीच्या कानातला विम्याचा बिल्ला तपासायचा, नंबर लिहून घ्यायचा. अंबड तालुक्यात, अंकुशनगरजवळच्या एका वस्तीवर असाच गेलो असता आठ-नऊ वर्षांची मुलगी शेणाची पाटी उचलताना दिसली. हातावर भाजल्याचा व्रण. "नणंदंची पोर हाय, साहेब. ते उसाला गेलेत," घरधनीण म्हणाली. मी नंबर उतरवला आणि निघालो. फॉर्मात मुलीसाठी रकाना नव्हता.

ती मामी दुष्ट होती, असे मला आजही वाटत नाही. घरात आधीच चार तोंडे. पाचवे आले की ते कामाला जुंपले जाते, आणि रागही आधी त्याच्यावरच निघतो. आईबापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फडावरून परतता येत नाही. हे त्या पोरीला ठाऊक असते. तक्रार केली तर जायचे कुठे? म्हणून ती गप्प राहते, आणि आपण म्हणतो, पोर गुणाची आहे.

अशी नात्यातली ठेवलेली मुले कोणत्याच दप्तरात नसतात. पण जी दप्तरात आहेत त्यांचे तरी काय? २०१५च्या बाल न्याय कायद्याने बाल कल्याण समितीवर प्रत्येक संगोपन कुटुंबाची दरमहा पाहणी करण्याची जबाबदारी टाकली आहे. समितीत अध्यक्ष धरून माणसे पाच; महिन्यातून किमान वीस दिवस बैठका. उरलेल्या दिवसांत जिल्हाभर किती उंबरे झिजवणार? हा हिशेब बँकेच्या शिकाऊ कारकुनालाही जमेल. आपल्या बालसंगोपन योजनेत एकल पालकांची मुलेही येतात. तिचे अनुदान दरमहा ४२५ रुपयांवरून २२५० झाले, हे चांगलेच झाले. मात्र पैसे खात्यात जमा झाल्याचे पासबुकावर दिसते. मूल जेवले की नाही, हे दिसत नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, २०२१मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही आली. तिथेही मुलाला एकट्याला बाजूला घेऊन विचारणारे कोणी हवेच. आणि जी नातेवाइकांकडे राहतात, त्यांना मामीसमोर विचारून काय उपयोग?

दिवाळीच्या सुमारास जालना-बीडमधून ट्रॅक्टर निघतात. मागे कोणती मुले राहिली आणि कोणाच्या घरी, याची यादी गाव बाल संरक्षण समितीकडे आहे का, हे मला सरपंचांना विचारायचे आहे. म्हशींची यादी आमच्याकडे होती.