ऑर्डर त्यांची, हात आपले, मग कौशल्य कुणाचं?

‘बायकांचे हात मुळातच नाजूक. बारीक काम त्यांना उपजत जमतं.’ हे वाक्य मी कारखान्याच्या मालकांकडून ऐकलं आहे, सुपरवायझरकडून ऐकलं आहे, आणि पहिल्यांदा नोकरीला निघालेल्या मुलींच्या आयांकडूनही ऐकलं आहे. सगळे ते कौतुकानंच म्हणतात. पण या कौतुकाची किंमत दर महिन्याच्या पगारपत्रकात वसूल केली जाते, असं माझं ठाम मत आहे, आणि ते आपल्या चळवळीपुढे मांडावं म्हणून हा लेख.

एम. एस. डब्ल्यू. झाल्यापासून मी पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये काम करते. बचत गट, कौटुंबिक हिंसेच्या केसेस, रेशनकार्ड हे नेहमीचं काम. त्यातूनच छोट्या इलेक्ट्रॉनिक कारखान्यांत जाणाऱ्या मुलींचा एक गट जमला. त्यातल्या बऱ्याच जणी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या, बारावी किंवा आयटीआय झालेल्या, एका खोलीत चौघी-पाचजणी राहणाऱ्या. त्यांच्यातल्या काही जणी ऑप्टिकल फायबरची मॉड्यूल्स जोडतात. हे काम काय असतं ते नीट समजून घेतल्याशिवाय त्यातला अन्याय दिसत नाही, म्हणून आधी थोडं कामाविषयी.

ऑप्टिकल फायबर म्हणजे केसासारखी काचेची तार. तिच्यातून संदेश विजेऐवजी प्रकाशाच्या रूपात जातो. तारेच्या टोकाशी प्रकाश पाठवणारा लेझर आणि प्रकाश टिपणारा सुटा भाग ज्या छोट्या डबीत बसवलेले असतात, ती डबी म्हणजे मॉड्यूल. काचेतल्या प्रकाशाला आजूबाजूच्या मोटारींचा, वायरलेसचा त्रास होत नाही, पण डबीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांना होतो. म्हणून डबीला धातूचं कवच असतं, त्याला शिल्डिंग म्हणतात. टेलिफोनच्या जाळ्यात, रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेत, विजेच्या उपकेंद्रात अशी मॉड्यूल्स लागतात.

मोठ्या कंपन्या एकाच प्रकारचा माल लाखांनी काढतात. छोट्या कारखान्यांचा धंदा मात्र ‘ऑर्डरप्रमाणे बनवून देऊ’ या एका वाक्यावर चालतो. एका गिऱ्हाइकाला तार अर्धा मीटर हवी असते, दुसऱ्याला दोन मीटर. कुणाचा कनेक्टर वेगळा, कुणाचं कवच वेगळ्या मापाचं. शंभर-दोनशे नगांच्या अशा ऑर्डरसाठी स्वयंचलित यंत्र बसवणं परवडत नाही. तिथे लागतो माणसाचा हात, आणि तोही सोमवारी नवं ड्रॉइंग बघून मंगळवारी बिनचूक माल देणारा.

त्या हाताला काय काय करावं लागतं? तारेवरचं प्लास्टिकचं आवरण काच न दुखावता सोलायचं. आतली काच १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग. ती अल्कोहोलनं पुसायची, इपॉक्सी लावून सिरॅमिकच्या बारीक नळीत घालायची, भट्टीत पक्की करायची, बाहेर आलेलं टोक कापायचं आणि एकामागून एक अधिकाधिक मऊ फिल्मवर घासून गुळगुळीत करायचं. मग मायक्रोस्कोपखाली तपासायचं. दूर अंतरासाठीच्या फायबरमध्ये प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा. त्याच्यावर ओरखडा किंवा धुळीचा कण राहिला तर नग बाद. शेवटी प्रकाश किती गळतो ते मोजायचं, कवच बसवायचं, आणि कवचाला कुठे फट राहिली नाही ना ते बघायचं. या सगळ्या वेळात मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधलेला असतो, कारण अंगावरची स्थिर वीजही लेझर जाळू शकते. त्यासाठी हातातल्या बांगड्या उतरवाव्या लागतात. बांगड्या काढून कामाला बसते म्हणून सासरी रोज बोलणी खाणारी एक मैत्रीण आमच्या गटात आहे.

आता पगारपत्रक बघा. तिथे हुद्दा लिहिलेला असतो ‘हेल्पर’. किमान वेतनासाठी आपल्याकडे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी वर्गवारी असते. हेल्पर म्हणजे तळातला वर्ग. त्याच कारखान्यात यंत्रावर काम करणारा मुलगा ‘ऑपरेटर’ असतो. हे काम शिकायला महिने लागतात, हे मुलींना ठाऊक आहे आणि मालकालाही. म्हणूनच मोठी ऑर्डर आली की जुन्या मुलींना शोधून शोधून फोन जातात. जिचं काम अकुशल, तिचीच इतकी शोधाशोध कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच शोधलं गेलं आहे. डायान एल्सन आणि रूथ पीअर्सन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९८१ साली ‘फेमिनिस्ट रिव्ह्यू’मध्ये निर्यातीच्या कारखान्यांतल्या स्त्रियांवर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की स्त्रियांचं हस्तकौशल्य निसर्गातून येत नाही. ते लहानपणापासून घरात शिकवलेलं असतं. तांदळातले खडे वेचणं, शेवया करणं, गोधडीला एकसारखे टाके घालणं, मान खाली घालून तासन्‌तास एका जागी बसणं. हे शिक्षण आई देते, बिनपैशाचं देते आणि त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही. त्यामुळे ते शिक्षण आहे हेच कुणाला दिसत नाही. जे दिसत नाही त्याला ‘उपजत’ म्हणायचं, आणि जे उपजत आहे त्याचे पैसे कशाला द्यायचे? घरकामाबद्दल आपण हेच म्हणत आलो आहोत. घरातली श्रमविभागणी कारखान्याच्या वातानुकूलित खोलीत गेली एवढाच काय तो फरक.

दुसरा प्रश्न ‘ऑर्डर’ या शब्दाचा. ऑर्डर असेल तेव्हा दोन-दोन शिफ्ट, नसेल तेव्हा ‘उद्यापासून येऊ नका, फोन करू’. धंद्यातली ही भरती-ओहोटी मालकाच्या अंगावर न येता मुलींच्या अंगावर यावी, अशी व्यवस्था कंत्राटदारामार्फत केलेली असते. कायम कामगाराला काम नसलेल्या दिवसांची भरपाई मिळते, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी. पण त्यासाठी कारखान्यात किमान ५० कामगार लागतात आणि सलग एक वर्षाची नोकरी लागते. आमच्या मुलींना अकरा महिन्यांनी ब्रेक मिळतो. ईएसआयचंही तेच. आजारपणातला भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. मधले दोन-तीन महिने काम गेलं, तर नेमकी आजारपणात मुलगी उघडी पडते. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेचा २०१७ सालचा कायदा आपण आनंदानं साजरा केला. पण अकरा महिन्यांच्या नोकरीत बाळंतपण बसवायचं कुठे? तामिळनाडूत आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात विवाहित स्त्रियांना नोकरी नाकारली जाते, अशी बातमी जून २०२४ मध्ये रॉयटर्सने दिली, तेव्हा केंद्र सरकारने राज्याकडून अहवाल मागवला. आमच्याकडे नाकारायचीही गरज पडत नाही. लग्न ठरलं की पुढचा फोनच येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यात स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळीची मुभा आहे. मुभेला माझा विरोध नाही. पण जिची नोकरी सुपरवायझरच्या एका फोनवर अवलंबून आहे, तिच्या संमतीला संमती म्हणायचं का? विजेवर चालणारा कारखाना कायद्याच्या कक्षेत यायला पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी ५० कामगारांपासून पुढे लागू होतात. ऑर्डरवर चालणारे बरेच छोटे कारखाने या रेषेच्या अलीकडेच राहतील.

आरोग्याचा प्रश्न ‘स्वच्छ काम’ या शब्दाखाली झाकला जातो. टेबलावर उडालेले काचेचे तुकडे डोळ्यांना धड दिसत नाहीत. ते बोटात शिरतात, पदरावरून, रुमालावरून घरी जातात. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की ती बहुधा जन्मभर राहते आणि पुढे थोड्याशा स्पर्शानेही हात उठतात. दूर पल्ल्याचा लेझर अवरक्त असतो, म्हणजे दिसतच नाही. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि चालू तारेच्या टोकाकडे मायक्रोस्कोपमधून बघणं डोळ्यांना घातक ठरू शकतं. उपाय अवघड नाहीत. काचेच्या तुकड्यांसाठी झाकणाचा डबा, रसायनाला दाद न देणारे हातमोजे, हवा खेचणारा पंखा, आणि लेझर बंद केल्याशिवाय तपासणी नाही हा नियम. पण सतत बदलणाऱ्या मुलींवर शिक्षणाचा खर्च करायला कुणी तयार नसतं.

आपल्याच काही मैत्रिणी म्हणतात, ‘अगं, ऊसतोडीपेक्षा, धुण्याभांड्यांपेक्षा हे बरंच. मुली घराबाहेर पडल्या, हातात पैसा आला. फार ताणलं तर काम दुसरीकडे जाईल.’ यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. आमच्या गटातल्या मुलींनी या पगारावर धाकट्या बहिणींची शिक्षणं केली आहेत, एकीने ठरलेलं लग्न मोडायची हिंमत केली आहे. ही नोकरी जावी असं त्यांनाही वाटत नाही आणि मलाही नाही. दुसऱ्या भागाला माझं उत्तर असं की ऑर्डरप्रमाणे, बिनचूक आणि वेळेत माल देणं हेच तर हे कारखाने विकतात. ती हमी मुलींच्या हातात आणि डोळ्यांत आहे. सरावलेल्या हातांचं मोल मागणं म्हणजे धंदा बुडवणं नव्हे. शिवाय या उद्योगाला सरकारचा आधारही आहे. टेलिकॉम सामान देशात बनावं म्हणून २०२१ साली १२,१९५ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली. ते प्रोत्साहन मिळतं गुंतवणूक आणि वाढीव विक्री बघून. मोठ्या कंपन्यांना जनतेचा पैसा देताना त्यांच्याकडे आणि त्यांना माल पुरवणाऱ्यांकडे स्त्रिया कोणत्या हुद्द्यावर, किती महिने टिकतात, हे का विचारलं जात नाही?

म्हणून माझं म्हणणं असं. पहिलं, फायबर सोलणं, घासणं, तपासणं आणि जोडणं या कामांची गणना किमान वेतनाच्या यादीत कुशल कामात झाली पाहिजे, आणि ही मागणी कामगार संघटनांबरोबर स्त्री संघटनांनीही लावून धरली पाहिजे. दुसरं, ऑर्डर नसलेल्या काळाची भरपाई कंत्राटी मुलींनाही मिळाली पाहिजे, आणि पुन्हा बोलावताना जुन्या मुलींचा हक्क पहिला असला पाहिजे. तिसरं, कामाचा लेखी दाखला हवा. कोणतं काम, किती महिने, कोणत्या यंत्रावर, हे सगळं त्यात असावं. आज मुलगी चार वर्षं काम करते आणि तिच्या हातात दाखवायला कागद नसतो. चौथं, रसायनांची आणि लेझरची माहिती मराठीत आणि हिंदीत, कामाच्या टेबलावर.

आणि एक काम आपल्यासाठी. आपल्या भागात अशा कारखान्यांत जाणाऱ्या मुली असतील, तर त्यांच्याबरोबर बसून त्यांच्या कामाची यादी करा, एकेक कृती, तिला लागणारा वेळ, ती शिकायला गेलेले दिवस. आम्ही ती केली तेव्हा अठरा कृती निघाल्या. ‘मी नुसती हेल्पर आहे’ म्हणणारी मुलगी यादी वाचून म्हणाली, ‘ताई, हे सगळं मी करते होय?’ ही यादी सही करून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्यायची आहे. जितक्या गावांतून जितक्या याद्या येतील, तितकं ‘उपजत’ हा शब्द वापरणं त्यांना जड जाईल.