मांजराला कोरोना होतो, म्हणून मांजर टाकायचे नसते

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या जैनथ, बेला, भीमपूर या मंडळांत मराठी बोलणाऱ्यांची वस्ती मोठी आहे. शेताच्या राखणीला कुत्रा आणि धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून मांजर, अशी इथल्या घरांची जुनी रीत. या प्राण्यांच्या कोरोनाबद्दल दोन टोकांची मते मांडली जातात. एक म्हणते, हे प्राणी रोग घरात आणतात, त्यांना हाकलून द्या. दुसरे म्हणते, हा माणसांचा रोग, जनावरांना तपासायचे कशाला? दोन्ही मते पुराव्यापुढे टिकत नाहीत.

आधी पहिले मत. 2020 च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये 17 वर्षांच्या एका पोमेरेनियन कुत्र्यात हा विषाणू सापडला. त्याच्या मालकिणीला आधीच लागण झालेली होती आणि दोघांच्या विषाणूंची जनुकीय रचना जुळत होती. रोग माणसाकडून कुत्र्याकडे गेला होता. उलट प्रवासही घडतो: थायलंडमध्ये 2021 मध्ये बाधित मांजर तोंडावर शिंकल्याने एका पशुवैद्यकाला लागण झाली. पण त्या मांजराला रोग मिळाला होता तो त्याच्या घरच्या माणसांकडूनच. घरातल्या प्राण्याकडून माणसाला लागण झाल्याची खात्रीची उदाहरणे फारच थोडी आहेत. तेवढ्यावरून कुत्र्या-मांजरांना घराबाहेर काढणे हा निव्वळ अन्याय आहे.

आता दुसरे मत. त्याला उत्तर आपल्याच राज्यात मिळाले आहे. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातल्या 8 सिंहांना लागण झाल्याचे सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. त्यांचे नाक वाहत होते, खोकला होता, खाणे कमी झाले होते. पुढे ते बरे झाले. त्याच वर्षी जूनमध्ये चेन्नईजवळच्या वंडलूर प्राणिसंग्रहालयातली नीला ही सिंहीण मात्र दगावली. मांजरकुळाला हा विषाणू सहज धरतो, कुत्र्यांना त्या मानाने कमी. डेन्मार्कमध्ये तर तो मिंक प्राण्यांत शिरला, बदलला आणि पुन्हा माणसांत आला. टिपेश्वरचे वाघ पैनगंगा ओलांडून ज्या जिल्ह्यात येतात, तिथे प्राण्यांतल्या विषाणूंकडे डोळेझाक परवडणार नाही.

‘साथीत माणसांनाच तपासणी मिळत नव्हती, तिथे कुत्र्यांची कुठून करणार?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सरसकट तपासणीची मागणी कोणी करू नये. घरात बाधित माणूस असेल, प्राण्याला शिंका, खोकला, धाप किंवा जुलाब असतील, आणि डिस्टेंपर, पार्व्हो, मांजरांचा फ्लू यांसारखे नेहमीचे आजार पशुवैद्यकाने वगळले असतील, तरच नमुना घ्यावा. तो नाक-घशातून आणि गुदद्वारातून घेऊन आरटी-पीसीआरसाठी मान्य प्रयोगशाळेत पाठवावा. अँटिबॉडीची चाचणी फक्त पूर्वी लागण होऊन गेली का, एवढेच सांगते.

इथे एक मोठा घोटाळा होतो. कुत्र्यांचा स्वतःचा, आतड्यांत होणारा जुना कोरोना आहे. त्याचे किट मिळते आणि त्याची लसही आहे. पण तो विषाणू वेगळा. त्या किटवर कोविड कळत नाही आणि ती लस कोविडपासून वाचवत नाही. माणसांचे घरगुती किटही जनावरांसाठी पारखलेले नाही. त्याच्या भरवशावर निर्णय घेऊ नये.

तपासणीत लागण आढळली तरी घाबरू नये. बहुतेक प्राणी साध्या देखभालीने बरे होतात. प्राण्याला वेगळ्या खोलीत ठेवावे, एकानेच मास्क लावून खाऊ-पिऊ घालावे आणि नंतर हात धुवावेत. सॅनिटायझर किंवा फिनाइल त्याच्या अंगाला लावू नये. फिनॉलयुक्त द्रव्य मांजराला विषारी ठरते. घरातला माणूस आजारी असेल, तर त्यानेच प्राण्यापासून दूर राहावे.

तपासणीसाठी हैदराबाद गाठायचे, तर ते आदिलाबादहून सुमारे 300 किलोमीटर दूर आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुना घेण्याची, तो थंड ठेवून पाठवण्याची आणि मराठीतून माहिती देण्याची सोय पशुसंवर्धन विभागाने करावी. ही मागणी ग्रामपंचायतींनी ठरावाने करावी. आणि रोगाच्या भीतीने कोणी आपला कुत्रा रस्त्यावर सोडू पाहत असेल, तर शेजाऱ्यांनी त्याला अडवावे आणि कुत्र्याला पशुवैद्यकाकडे न्यावे.