'लव्हर' कुणी ठरवलं?

एक छोटासा प्रयोग करून बघा. इंग्लिश लिटरेचरवाल्यांकडे रॉबर्ट ब्राउनिंगची 'पॉर्फिरियाज लव्हर' असेलच. बाकीच्यांना नेटवर मिळेल. जेमतेम ६० ओळी आहेत. दोन रंगांची पेनं घ्या. ती जे जे करते त्याखाली निळी रेघ, तो जे जे करतो त्याखाली लाल.

पहिली अर्धी कविता जवळजवळ निळीच होते. बाहेर वादळ आहे. पॉर्फिरिया मेजवानी सोडून, भिजत येते. दार लावते, थंड पडलेली शेकोटी पेटवते, ओली शाल आणि मळलेले हातमोजे काढून ठेवते, केस मोकळे सोडते. त्याच्याशेजारी बसून हाक मारते. हा गप्प! मग तीच त्याचा हात आपल्या कमरेभोवती घेते, त्याचं डोकं खांद्यावर टेकवते, प्रेम आहे म्हणून कुजबुजते. साहेब अजूनही ढिम्म.

मग तो मान वर करून तिच्या डोळ्यांत बघतो. हिचं आपल्यावर खरंच प्रेम आहे, अशी त्याची खात्री पटते. आणि लाल रेघा सुरू होतात. तिचेच लांब केस तिच्या गळ्याभोवती तीनदा गुंडाळून तो तिचा जीव घेतो.

नीट बघा, नकार मिळाला म्हणून नाही. होकार मिळाल्यावर.

ही कविता शिकवून झाली की वर्गात दोन गट पडतात. एक म्हणतो, 'सायको आहे.' दुसरा, जरा दबक्या आवाजात, 'पण प्रेम किती होतं यार!' मला दोन्ही पटत नाहीत. दुसऱ्यावर काय बोलणार? पण पहिलं उत्तरही सोयीचंच आहे. वेडा म्हटलं की विषय संपला, आपण मोकळे. तशी सोय खुद्द ब्राउनिंगनंच एकदा केली होती. १८४२च्या संग्रहात ही कविता 'मॅडहाउस सेल्स', म्हणजे वेड्यांच्या कोठड्या, अशा मथळ्याखाली होती. पुढे त्यानं तो मथळा काढून टाकला. बरं केलं. कारण मथळ्याशिवाय वाचली तर हा माणूस वेड्यासारखा बोलतच नाही. शांत आवाज, यमकं जागच्या जागी, प्रत्येक गोष्टीला कारण तयार.

ड्रॅमॅटिक मोनोलॉगची खरी मेख इथेच आहे. बोलणारा एकच, आणि कवी मध्ये येऊन 'अरे, हा खोटं बोलतोय' असं सांगत नाही. अभिमान आणि इतर बंधनं तोडायची तिच्यात धमक नाही, हे कोण म्हणतं? तो. (आणि हीच मुलगी वादळातून त्याच्यापर्यंत आलेली असते.) तिला काही वेदना झाली नाही, हेही तोच सांगतो. तिच्याच मनासारखं झालं, हेसुद्धा. विचारायला ती उरलेलीच नाही.

त्याच संग्रहातली 'माय लास्ट डचेस' आठवा. तिथला ड्यूक तर अगदी सभ्य. नव्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसाला तो आधीच्या बायकोचं चित्र दाखवतो. तक्रार काय? ती सगळ्यांकडे बघून हसायची. कुणी चेरीची फांदी आणून दिली तरी तेवढीच खूश, आणि याचं ९०० वर्षांचं घराणं मिळालं तरी तेवढीच. मग यानं हुकूम सोडला आणि हसणं थांबलं. या ड्यूकमागे फेराराचा दुसरा आल्फोन्सो आहे, असं मानतात. त्याची बायको लुक्रेझिया १५६१ मध्ये गेली, अवघ्या १६ वर्षांची. कवितेत मात्र तिला नावसुद्धा नाही. आता त्या चित्रावर पडदा असतो आणि तो फक्त ड्यूक सरकवू शकतो.

पॉर्फिरियाला निदान नाव आहे. १८३६ मध्ये ही कविता मासिकात पहिल्यांदा आली तेव्हा शीर्षक नुसतं 'पॉर्फिरिया' होतं. 'लव्हर' नंतर आला, आणि आपण तो शब्द न अडखळता वाचतो. पेपरात 'एकतर्फी प्रेमातून' वाचतो तसाच. हल्ला झाला, एवढं पोलिसांना दिसतं. पण ते 'प्रेम' होतं, हे कुणी ठरवलं? ज्यानं हल्ला केला त्यानंच ना? त्याचा शब्द बातमी लिहिणाऱ्यानं उचलला, आपण चहा पिता पिता गिळला.

असो, पेनं अजून हातात आहेत ना? शेवटचा भाग राहिलाय. खून झाल्यावर तो तिच्या पापण्या उघडतो आणि सांगतो, डोळे हसतायत. गाल लाजून लाल झालाय. खांद्यावर टेकवलेलं डोकं खूश आहे. या ओळींखाली कुठल्या रंगाची रेघ ओढणार? मी पहिल्यांदा निळी ओढली होती. मग खोडली.