धीर कुणी द्यायचा?

स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं की बाईला भेटायला येणारी माणसं शहाळ्याबरोबर एक सूचनाही घेऊन येतात : खंबीर राहा. मन घट्ट कर, पोरांकडे बघ, तूच खचलीस तर घराचं काय होणार. बोलणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण या बोलण्याने आजाराच्या जोडीला आणखी एक काम तिच्या अंगावर पडतं. आपण मोडलेलो नाही, हे रोज घरच्यांना दाखवत राहण्याचं काम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रियांपेक्षा आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी गाठतो. म्हणजे मुलांची दहावी-बारावी, सासूसासऱ्यांची आजारपणं आणि स्वतःची नोकरी किंवा शेती ऐन भरात असताना. आणि तो चार दिवसांत निपटणारा नाही. शस्त्रक्रिया, कित्येक महिने चालणारी केमो, काही आठवड्यांचे रेडिएशनचे शेक, आणि गाठ हार्मोनवर वाढणारी असेल तर पुढे पाच ते दहा वर्षं रोजची गोळी. इतक्या लांबच्या वाटेवर पुरेल एवढं मनाचं बळ बाईने डब्यासारखं घरून बांधून आणावं, अशी आपल्या रुग्णालयांची आणि समाजाची मूक अपेक्षा दिसते. माझं म्हणणं असं की हे बळ उपचारांतच घडवावं लागतं, आणि ते घडवण्याची जबाबदारी उपचार करणाऱ्या व्यवस्थेची आहे.

खंबीर राहिलं की आजार हटतो, या समजुतीला एके काळी संशोधनाचाही आधार होता. १९७९ साली लंडनमधल्या स्टीव्हन ग्रीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ६९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजाराशी झुंजायला उभ्या राहिलेल्या किंवा तो साफ नाकारणाऱ्या स्त्रिया अधिक काळ रोगमुक्त राहतात, असं त्यात आढळलं होतं. ‘लढाऊ वृत्ती’ हा शब्द तिथून जगभर गेला. वीस वर्षांनी, १९९९ साली, मॅगी वॉटसन यांनी ५७८ स्त्रियांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला. या अभ्यासात स्वतः ग्रीअरही सहभागी होते. लढाऊ वृत्तीचा जगण्या-मरण्याशी काहीही संबंध आढळला नाही. मात्र ज्यांना पूर्ण हतबल वाटत होतं किंवा ज्या तीव्र नैराश्यात होत्या, त्यांची पाच वर्षांनंतरची स्थिती इतरांपेक्षा वाईट होती. या दोन निष्कर्षांतला फरक नीट पाहायला हवा. जी बाई हसतमुखाने लढत नाही ती काहीही गमावत नाही. पण जी खोल नैराश्यात बुडते तिला मदतीची गरज असते. आपण नेमकं उलट करतो. पहिलीला उपदेश करतो आणि दुसरीला एकटं सोडतो. आजार परत उलटला की तर ‘हिनेच हाय खाल्ली’ असंही कुणीतरी बोलून जातं. स्वतः १९७५ मध्ये या आजारातून गेलेल्या सुझन सोंटॅग यांनी १९७८ साली एका छोट्या पुस्तकात हीच गोष्ट मांडली होती : आजाराला रुग्णाच्या स्वभावाचा परिणाम मानणं म्हणजे दोषही तिच्याच पदरात टाकणं.

मग मनाच्या आधाराने आयुष्य वाढत नसेल तर त्यावर खर्च का करायचा, असं कुणी विचारेल. या प्रश्नाचाही एक इतिहास आहे. १९८९ साली अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी आजार शरीरभर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास मांडला. ज्या दर आठवड्याला एकत्र बसून भीती, मरण, नवरा, मुलं यांबद्दल मोकळेपणी बोलत होत्या, त्या सरासरी ३६ महिन्यांहून अधिक जगल्या. बाकीच्या सुमारे १९ महिने. बातमी जगभर गाजली. त्यानंतर कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर हाच प्रयोग केला. २००१ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांत दोन्ही गटांचं आयुर्मान जवळपास सारखं निघालं, साडेसतरा महिन्यांच्या आसपास. पुढे स्पीगल यांच्याच नव्या प्रयोगातही आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. संशोधक आपल्या गाजलेल्या निष्कर्षाची स्वतः पुन्हा परीक्षा घेतो आणि उत्तर उलटं आलं तरी ते छापतो, याबद्दल आदर वाटतो. पण गुडविन यांच्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग आपण बहुतेक वेळा वाचतच नाही. गटात बसणाऱ्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली होती आणि त्यांना वेदना कमी जाणवत होत्या. आणि हा फायदा प्रामुख्याने सुरुवातीला जास्त त्रासात असलेल्या स्त्रियांना झाला होता. उरलेले दिवस कमी दुखण्यात आणि कमी भीतीत जाणं, हे उपचाराचं फळ मानायला आपली ना का असावी? दुखण्यावरच्या गोळीने आयुष्य वाढतं का, असं आपण कधी विचारत नाही.

हे बळ येतं तरी कशातून? मोठमोठ्या शब्दांपेक्षा बारीकसारीक, हाताला लागणाऱ्या गोष्टींतून. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. वर्षानुवर्षं स्त्रियांना सांगितलं गेलं की या हाताने आता वजन उचलायचं नाही. ज्या बाईचा दिवस पाण्याच्या कळशीने किंवा कपड्यांच्या बादलीने सुरू होतो तिला हे ऐकून काय वाटत असेल? घरातली आपली जागाच गेली, असं. २००९ साली कॅथरीन श्मिट्झ यांनी हात सुजलेल्या १४१ स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की देखरेखीखाली, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनाच्या व्यायामाने सूज वाढत नाही. उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी होतात. एवढी माहिती आणि फिजिओथेरपीची चार सत्रं मिळाली, तर मनाला जी उभारी येते ती कुठल्याही प्रवचनाने येणार नाही. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात, ते बहुधा परत येतात, आणि गळण्याआधीच बारीक कापून घेतले तर उशीवरचे पुंजके पाहण्याचा धक्का थोडा हलका होतो, हे कुणीतरी आधी सांगायला हवं. शस्त्रक्रियेनंतर ब्लाउजमध्ये काय भरायचं, सुती कृत्रिम स्तन कुठे मिळतो, नवऱ्याजवळ जायला भीती वाटते ती कुणापाशी बोलायची, हे प्रश्न दवाखान्याच्या गर्दीत, मागे दहा माणसं उभी असताना, पुरुष डॉक्टरला विचारले जात नाहीत. ते ज्या बाईने भोगलंय तिलाच विचारले जातात. टेरीस लॅसर यांना स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर हेच उमगलं आणि १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी यातून गेलेल्या स्त्रियांनी नव्या रुग्णांना भेटण्याचं काम सुरू केलं. पुढे अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपलंसं केलं. आपल्याकडे परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारी बाहेरगावची कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला असतात. परक्या शहरात परवडणारा निवारा आणि शेजारच्या खाटेवर आपल्यासारखंच दुखणं घेऊन आलेलं माणूस, हेही मनाचं औषधच आहे. पैशाची विवंचना तर या सगळ्याच्या मुळाशी बसलेली असते. उपचार योजनेतून फुकट होतात तेव्हाही गाडीभाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचं जेवण खिशातूनच जातं, आणि आपण घराला खड्ड्यात घालतोय हा सल बाईला गाठीइतकाच छळतो.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा : आपल्याकडे कुटुंब आहे, समुपदेशक हे एकटेपणातल्या पाश्चात्त्यांचं खूळ आहे. कुटुंबाचं मोल मी कमी लेखत नाही. भारतातले बहुतेक कर्करोगाचे उपचार कुटुंबाच्या खांद्यांवरच चालतात. पण बाई सगळ्यात जास्त लपवते तेही कुटुंबापासूनच. रात्री रडू येतं ते उशीत, कारण शेजारी मुलगी झोपलेली असते. आणि कुटुंबही तिच्यापासून लपवतं. ‘तिला सांगू नका, ती खचेल’ ही विनंती कर्करोगाच्या प्रत्येक डॉक्टरने ऐकलेली असते. सगळ्यांनी एकमेकांना सांभाळायचं म्हणून एकमेकांशी खोटं बोलायचं, असं घर बाहेरून खंबीर दिसतं. अशा घराला, ज्याच्यापुढे कुणालाच नाटक करावं लागत नाही असं एक तिऱ्हाईत माणूस लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ओपीडीत दिवसाला शंभर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने मनाची विचारपूस कधी करायची, आणि मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? याचं उत्तर स्कॉटलंडमधून आणि आश्चर्य म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्यातून मिळतं. स्कॉटलंडमध्ये कर्करोगाच्या २१ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी ९ टक्क्यांहून अधिक जणींना उपचार लागण्याइतकं तीव्र नैराश्य होतं. आणि सर्व प्रकारच्या कर्करोगांतल्या अशा नैराश्यग्रस्त रुग्णांपैकी ७३ टक्क्यांना त्यावर कोणतेही परिणामकारक उपचार मिळत नव्हते. त्याच संशोधकांनी मग कर्करोग विभागातल्या परिचारिकांना खास शिक्षण दिलं, देखरेखीला मनोविकारतज्ज्ञ ठेवले आणि असे ५०० रुग्ण निवडले. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : २४ आठवड्यांनी परिचारिकांच्या गटातल्या ६२ टक्के रुग्णांचं नैराश्य निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलं होतं, नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण फक्त १७ टक्के होतं. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगथ’ संस्थेने याहून साधी वाट धरली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर काम केलं. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. हा अभ्यास कर्करोगाच्या रुग्णांवर नव्हता, हे मान्य. पण कोकणी आणि मराठी बोलणाऱ्या मुलखात, सरकारी केंद्रात, तज्ज्ञांशिवाय हे काम होतं, एवढं त्याने नक्की सिद्ध केलं. परिचारिकेचा आठवड्यातला एक दिवस या कामाला काढता येत नाही, असं म्हणणाऱ्या रुग्णालयाला मी विचारेन की कोट्यवधींच्या यंत्राला जागा कशी निघाली.

प्रत्येक दुःखाला आजार ठरवू नका, असंही काही संवेदनशील लोक म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे. स्तन गमावलेल्या बाईने रडणं ही विकृती नाही. बहुतेक स्त्रिया घरच्यांच्या आणि स्वतःच्या बळावर पुढे जातात, त्यांना सल्लागाराच्या खुर्चीत बसवायची गरज नाही. म्हणून तर आधी विचारायला हवं. शून्य ते दहा अशी थर्मामीटरसारखी उभी पट्टी असलेला एक कागद जगभर वापरला जातो : गेल्या आठवड्यात तुम्हाला किती त्रास झाला, तिथे खूण करा. चार किंवा त्याच्या वर खूण आली तर पुढची चौकशी होते. वाचता न येणाऱ्या बाईला तोंडी विचारता येतं. केमोआधी वजन आणि रक्त तपासतात, त्यात दोन मिनिटांची भर. खूण वर गेली तर प्रशिक्षित परिचारिका, आणि रुग्णालय लांब असेल तर सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो आकडा केसपेपरवर मोठ्या अक्षरात छापायला कसलाही निधी लागत नाही.

या सगळ्यात एका दिवसाची नोंद कुणीच ठेवत नाही. शेवटचा शेक होतो तो दिवस. घरी पेढे येतात, सगळे म्हणतात ‘सुटलीस’. पण इतके महिने रोज, दर आठवड्याला कुणीतरी डॉक्टर तिला बघत होता. आता पुढची तारीख तीन महिन्यांनी. प्रत्येक पाठदुखीत आजार परतल्याचा भास व्हायला लागतो, आणि आनंदाच्या घरात हे बोलायची सोय उरत नाही. त्या तीन महिन्यांत रुग्णालयातून निदान एक फोन जावा, शक्य तर एखाद्या बाईचाच, आणि तिने गाठीबद्दल विचारायच्या आधी झोप लागते का, ते विचारावं.