दातेबाईंची पहिली निवृत्ती

मंडळी, शीर्षक वाचून कुणाच्या डोळ्यांसमोर पंचांग आले असेल तर त्यात तुमचा दोष नाही. पण या दाते सोलापूरच्या नव्हेत, जपानमधल्या क्योटोच्या. किमिको दाते, टेनिसपटू. रोमन लिपीत आडनाव अगदी आपल्या दात्यांसारखेच लिहितात आणि उच्चारही जवळजवळ तोच. सेंदाई शहर वसवणारा एका डोळ्याचा सरदार दाते मासामुने, त्याचेही आडनाव हेच. नव्वदच्या दशकात केबलवर टेनिस लागले आणि पडद्यावर हे नाव दिसले की आमच्याकडे कुणीतरी "आपली दाते आली गं" अशी हाळी द्यायचेच.

या बाईंबद्दल जिथे म्हणून काही छापून येते, तिथे त्यांच्या वयाचे कौतुक असते. अडतिसाव्या वर्षी विजेतेपद, चाळिसाव्या वर्षी व्हीनस विल्यम्सला घाम फोडला, बेचाळिसाव्या वर्षी ग्रँड स्लॅममध्ये सामना जिंकला, वगैरे. सगळे खरे आहे. पण मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती १९९६ सालची. सव्वीस वर्षांच्या असताना त्यांनी रॅकेट खाली ठेवली, ती. त्याविषयी फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

आधी खेळाविषयी थोडेसे, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. दाते मुळात डावखुऱ्या. पण तिथल्या त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना लहानपणी उजव्या हाताची सवय लावली गेली आणि टेनिसही त्या उजव्याच हाताने खेळल्या. (मी नोकरीला लागले तेव्हा आपल्याकडेही डावखुऱ्या पोराच्या बोटांवर पट्टी मारणारे गुरुजी सर्रास होते. जपान फार लांब नाही.) उंची जेमतेम पाच फूट चार इंच. समोर उंचपुऱ्या, ताकदवान मुली. मग या बाईंनी काय केले, तर चेंडू टप्पा पडून वर येत असतानाच गाठायचा. क्रिकेटमध्ये टप्प्याच्या मुखाशीच चेंडू उचलणारा फलंदाज असतो ना, तसे. असे खेळले की स्वतःची ताकद फार लागत नाही, समोरच्याचाच वेग उसना घेऊन त्याला परत करता येतो आणि त्याला सावरायला वेळ उरत नाही. मात्र नजर आणि पाय क्षणभरही चुकून चालत नाहीत. माझा असा तर्क आहे की हा खेळ जोरावर उभा नव्हता म्हणूनच तो चाळिशीत टिकला.

या खेळाच्या जोरावर त्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत आलेल्या पहिल्या जपानी महिला ठरल्या, आणि १९९५ साली चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचल्या. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियन, १९९५ मध्ये फ्रेंच आणि १९९६ मध्ये विम्बल्डन, अशा तीन स्पर्धांत उपांत्य फेरी. १९९६ च्या एप्रिलमध्ये टोकियोला फेड कपमध्ये त्यांनी स्टेफी ग्राफला हरवले, ७-६, ३-६, १२-१०! त्या वर्षी ग्राफने फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या, यावरून काय ते समजा.

त्याच वर्षीच्या विम्बल्डनच्या उपांत्य सामन्यात पुन्हा ग्राफ. दोघींचा एकेक सेट झाला आणि अंधार पडला म्हणून खेळ दुसऱ्या दिवसावर गेला. दुसऱ्या दिवशी ग्राफ जिंकली. या सामन्यात एका प्रेक्षकाने ग्राफला ओरडून लग्नाची मागणी घातली आणि तिने "तुझ्याकडे पैसे किती?" असे विचारले, तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या वेळी जाळीच्या पलीकडे कोण उभे होते, हे विचारून बघा! असो.

आणि मग त्याच वर्षअखेरीस निवृत्ती. पहिल्या दहांत असताना, दुखापत नाही, पराभवांची रांग नाही. सतत परदेशात फिरणे, एकटेपणा, मायदेशातल्या अपेक्षांचे ओझे, यांचा त्यांना कंटाळा आला होता. एवढेच. लोकांना ते पटले नाही. आजारी पडून थांबलेला माणूस आपल्याला कळतो, हरून थांबलेलाही कळतो. जिंकत असताना "मला नको" म्हणणारा माणूस मात्र कळत नाही. २०२२ मध्ये ॲश बार्टी पंचविसाव्या वर्षी, अव्वल क्रमांकावर असताना, ऑस्ट्रेलियन स्पर्धा जिंकून दोन महिने होत नाहीत तोच थांबली. त्याआधी २०२१ मध्ये नाओमी ओसाकाने मनःस्वास्थ्याचे कारण सांगून फ्रेंच स्पर्धा अर्ध्यावर सोडली. आता अशा गोष्टींवर निदान बोलता येते. १९९६ मध्ये यासाठी शब्दही धड नव्हते.

आता यावर हमखास येणारा आक्षेप. "अहो, पण सव्वीस ते सदतीस ही खेळाडूची उमेदीची वर्षे. ती वाया घालवली. नाहीतर एखादी ग्रँड स्लॅम नक्की मिळाली असती." हे 'नाहीतर' मला शाळेपासून परिचयाचे आहे. नाहीतर इंजिनियर झाला असता, नाहीतर बोर्डात आली असती. त्या वर्षांत हिंगिस, डेव्हनपोर्ट, विल्यम्स भगिनी, एनां अशा एकीहून एक सरस होत्या, तेव्हा मिळालीच असती असे छातीठोकपणे कुणी सांगू नये. आणि 'वाया' म्हणजे तरी काय? त्या काळात त्यांनी लहान मुलांना टेनिस शिकवले, २००१ मध्ये मायकेल क्रुम या जर्मन मोटार-शर्यतपटूशी लग्न केले (ते पुढे २०१६ मध्ये मोडले), २००४ मध्ये लंडनची मॅरेथॉन धावल्या. सकाळी उठून कुणाला हरवायचे नाही, असे दिवस जगल्या. मला तरी हे वाया वाटत नाही.

हे मी आज का लिहिते आहे, ते आपल्या घरच्या मंडळींच्या लक्षात आलेच असेल. माझ्या भाचीच्या मुलीने गेल्या महिन्यात पुण्यातली आयटीतली नोकरी सोडली. वय सत्तावीस, पगार उत्तम, हातात दुसरी नोकरी नाही. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्यानंतर जे काही चालले आहे ते मी गप्प राहून वाचते आहे. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती", "लग्नाच्या बाजारात काय सांगायचे", "निदान वर्षभर तरी ओढायची होती". तिच्या मामांनी तर तिच्या एकूण नुकसानीचा हिशेबच मांडला. मामा, हिशेब बरोबर आहे, मी तपासला. पण त्यात एक रकाना राहिला आहे. गेली दोन वर्षे ती रविवारी संध्याकाळी जेवत नव्हती, कारण सोमवार यायचा असायचा. हे तिने मला सांगितले आणि तिच्या परवानगीने लिहिते आहे. ती पुढे परत नोकरी करील का, आणखी काही करील का, मला ठाऊक नाही. दातेबाई परतल्या म्हणून तीही परतेल, असले आश्वासन मी कुणाला देत नाही. त्या परतल्या नसत्या तरी त्यांचे १९९६ चे थांबणे बरोबरच होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

पण परतल्या खऱ्या. २००८ च्या मार्चमध्ये टोकियोत ग्राफ आणि नवरातिलोवा यांच्याबरोबर एक प्रदर्शनीय सामना खेळायचा म्हणून सराव सुरू केला, आणि तो करता करता खेळ पुन्हा आवडू लागला. एप्रिलमध्ये सदतिसाव्या वर्षी गिफूच्या एका छोट्या स्पर्धेत पात्रता फेरीपासून सुरुवात. जुन्या पुण्याईवर थेट वरच्या पायरीवर जाऊन बसल्या नाहीत, हे मला फार आवडते. तिथे एकेरीत अंतिम फेरी गाठली आणि दुहेरीत विजेतेपद, तेही कुरुमी नारा या सोळा वर्षांच्या मुलीला जोडीला घेऊन! पुढच्या वर्षी २७ सप्टेंबरला, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सोलची स्पर्धा जिंकली. त्यांच्यापेक्षा मोठ्या वयात डब्ल्यूटीएचे एकेरीचे विजेतेपद मिळवणाऱ्या एकट्या बिली जीन किंग. त्याच्या पुढच्या वर्षी, पुन्हा वाढदिवसाच्या आदल्याच दिवशी, शारापोव्हाला हरवले.

२०११ चा व्हीनसविरुद्धचा विम्बल्डनचा सामना वेळ काढून जरूर बघा. सेंटर कोर्टवर छप्पर बंद, बाहेर पाऊस. पहिल्या सेटमध्ये दाते ५-१ ने पुढे. पाच वेळा विम्बल्डन जिंकलेल्या बाईला जाळीजवळ बोलावून बाजूने चेंडू काढत होत्या. जवळजवळ तीन तास चालला. ६-७, ६-३, ८-६. हरल्या.

दुसऱ्या डावात त्या बऱ्याच वेळा हरल्या. पहिल्या डावात सात विजेतेपदे, दुसऱ्यात एकेरीचे एकच. चौथ्या क्रमांकाच्या आसपासही पुन्हा कधी गेल्या नाहीत. कुणी म्हणेल मग कशाला एवढा अट्टहास? तरुणांना जागा द्यावी. पण पात्रता फेरी खेळून, समोरच्या तरुणीला हरवून मिळवलेली जागा कुणाची हिरावलेली कशी म्हणायची?

२०१६ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तरी त्या पुन्हा उभ्या राहिल्या. दुसरी निवृत्ती २०१७ च्या सप्टेंबरमध्ये, टोकियोत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. शेवटचा सामना सर्बियाच्या अलेक्सांद्रा क्रुनिचशी. ०-६, ०-६. एकही गेम मिळाला नाही. पहिल्या वेळी त्या पहिल्या दहांतून उठून गेल्या होत्या. या वेळी संपेपर्यंत खेळल्या.